मुक्काम की वस्ती? : निम्न भूकक्षेपलीकडील अंतराळ-निवासांच्या रचनाविचाराची समीक्षा

प्रस्तावना

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांच्या यानात राहण्याची सोय नव्हती आणि तिची आवश्यकताही नव्हती. १०८ मिनिटांच्या प्रवासाला एक आसन पुरेसे होते. पुढे १९७१ पासून सोव्हिएत संघाची साल्युत स्थानके, १९७३ मध्ये अमेरिकेची स्कायलॅब, १९८६ पासून मीर आणि नोव्हेंबर २००० पासून अखंड वस्ती असलेले आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक असा क्रम घडत गेला आणि अंतराळवीर प्रवासी न राहता रहिवासी झाला. तथापि हे सर्व रहिवासी पृथ्वीच्या अंगणातच राहिले. आंतरराष्ट्रीय स्थानकाची उंची सुमारे ४०० कि.मी. आहे. मोताळा ते मुंबई हे हवाई अंतर साधारण एवढेच भरते. चंद्र मात्र ३,८४,००० कि.मी. दूर आहे. तेथे मनुष्याने केलेला सर्वांत दीर्घ मुक्काम डिसेंबर १९७२ मधील अपोलो-१७ मोहिमेचा असून तो सुमारे ७५ तासांचा होता. निम्न भूकक्षेच्या पलीकडे महिनाभर राहिलेला मनुष्य अद्याप नाही.

असे असले तरी त्या निवासांचे आराखडे गेली पन्नास वर्षे विपुल प्रमाणात तयार झाले आहेत. त्यांचे मूल्यमापन बहुधा वजन, खर्च आणि ऊर्जा या अंगांनी होते. हे निकष आवश्यक असले तरी पुरेसे नाहीत. मुक्काम आणि वस्ती यांत फरक आहे. मुक्कामात सोय दुसऱ्याने केलेली असते. वस्तीत ती आपण करतो, मोडली तर दुरुस्त करतो आणि गरजेप्रमाणे बदलतो. दूरच्या निवासाच्या रचनेत रहिवाशाच्या हाती काय आणि किती राहते, ही कसोटी प्रस्तुत लेखात काही प्रमुख आराखड्यांना व प्रयोगांना लावली आहे. त्याचबरोबर बुलडाणा जिल्हा व त्याच्या परिसरातील भूरचना आणि वास्तुपरंपरा या चर्चेला कोठे उपयोगी पडतात व कोठे पडत नाहीत, याचाही विचार केला आहे.

निम्न भूकक्षेपलीकडे बदलते काय?

निम्न भूकक्षेतील निवासाला तीन गोष्टी अनायासे लाभतात : पृथ्वीचे संरक्षण, जवळचा पुरवठा आणि तात्काळ परतीची वाट. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आणि खुद्द तिचा गोल वैश्विक प्रारणाचा मोठा भाग अडवतात. क्युरिऑसिटी हे यान २०११-१२ मध्ये मंगळाकडे जात असताना त्यातील उपकरणाने दररोज सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट प्रारणमात्रा नोंदवली. या हिशेबाने जाण्यायेण्याच्या ३६० दिवसांतच ती ६५० मिलिसीव्हर्टच्या आसपास पोहोचते. नासाने अंतराळवीराच्या संपूर्ण कारकिर्दीसाठी ठरविलेली मर्यादा ६०० मिलिसीव्हर्ट आहे. मंगळावरील वास्तव्य यात अद्याप धरलेलेच नाही.

दुसरा बदल अंतराचा होय. स्थानकावरील अंतराळवीर तेथे जोडलेल्या यानातून काही तासांत पृथ्वीवर येऊ शकतो. चंद्रावरून त्यास सुमारे तीन दिवस लागतात, तर मंगळावरून अनेक महिने. शिवाय अनुकूल ग्रहस्थिती सुमारे २६ महिन्यांनी एकदाच येते. मंगळावरून पाठविलेला संदेश पृथ्वीवर पोहोचण्यास ग्रहांच्या अंतरानुसार ३ ते २२ मिनिटे लागतात. आग लागली असता विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पाऊण तासाने येणार असेल, तर निर्णय तेथेच घ्यावा लागतो. रचनाकाराने हा निर्णयाधिकार गृहीत धरूनच नकाशा काढला पाहिजे.

तिसरी बाब पाण्याची. एका अंतराळवीराला पिणे, अन्न व स्वच्छता यांसाठी दररोज सुमारे ३.८ लिटर पाणी लागते. चार जणांच्या तीन वर्षांच्या मोहिमेस ते सोळा हजार लिटरांहून अधिक होते. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकावर पाण्याच्या पुनर्प्राप्तीचे प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत पोहोचले. ही कामगिरी मोलाची आहे; परंतु ही यंत्रणा सुट्या भागांच्या नियमित पुरवठ्यावर चालते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला आणि स्वतःची विहीर राखणाऱ्या गावाला पाणी सारखेच मिळत असले, तरी त्यांची स्थिती सारखी नसते. दूरच्या निवासाला टँकर येणार नाही.

भव्यतेचा मोह : १९७५ चा आराखडा

प्रिन्स्टन विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक जेरार्ड ओनील यांच्या विचारांतून १९७५ च्या उन्हाळ्यात नासाचे एम्स संशोधन केंद्र व स्टॅनफर्ड विद्यापीठ यांनी एक अभ्यास केला. दहा हजार माणसांसाठी सुमारे १.८ कि.मी. व्यासाचे वलयाकृती नगर त्यात कल्पिले होते. मिनिटाला एक फेरा घेऊन ते कृत्रिम गुरुत्व निर्माण करणार होते. प्रारणापासून संरक्षणासाठी चंद्रावरून आणलेल्या सुमारे एक कोटी टन द्रव्याचे कवच योजिले होते.

या नगराचा आकार बुलडाणा जिल्ह्यातील वाचकास सहज कळेल. लोणार विवराचा व्यासही सुमारे १.८ कि.मी. आहे. विवराच्या काठावरून एक फेरी मारली, की त्या वलयाचा परिघ पायाखालून जातो. या अभ्यासाचे श्रेय मोठे आहे. प्रारण-संरक्षणासाठी वजनदार कवच लागते आणि ते पृथ्वीवरून नेणे परवडणारे नाही, हे त्याने आकड्यांनिशी मांडले. दोष आहे तो चित्रात. त्या अभ्यासासाठी काढलेल्या रंगचित्रांत हिरवळ, झाडे आणि टुमदार घरे दिसतात. गळती शोधणारा, झडप बदलणारा किंवा नापीक झालेली माती सुधारणारा माणूस क्वचितच दिसतो. तयार नगरात राहावयास जाणारा तो रहिवासी आहे. ज्या वस्तीत देखभालीचे श्रम दृष्टीआड केलेले असतात, तिचा आराखडा अर्धाच काढलेला असतो. पुढील काळातील अनेक संगणकीय चित्रांनी हाच दोष अधिक आकर्षक करून पुढे चालविला.

स्कायलॅबचा धडा

जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब कोसळणार या वार्तेने भारतात मोठी घबराट पसरली होती. अखेर तिचे अवशेष हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. सर्वसामान्यांच्या स्मरणात स्कायलॅब यामुळेच राहिली. पण निवासरचनेच्या इतिहासात तिचे स्थान वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे.

नासाने १९६७ मध्ये रेमंड लोई या औद्योगिक रचनाकारास सल्ल्यासाठी बोलाविले. एकत्र भोजनाची जागा, झोपण्यासाठी प्रत्येकास वेगळी खोली आणि बाहेर पाहण्यासाठी खिडकी यांचा त्यांनी आग्रह धरला. खिडकीस अभियंत्यांचा विरोध होता, कारण प्रत्येक खिडकी कवच दुर्बल करते. खिडकी अखेर ठेवली गेली आणि फावल्या वेळेत पृथ्वी पाहणे हाच तेथील अंतराळवीरांचा आवडता विरंगुळा ठरला. तिघांच्या भोजनाचे मेज त्रिकोणी होते. त्यामुळे मेजाच्या अग्रस्थानी कोणी बसण्याचा प्रश्न उद्भवला नाही. सोव्हिएत बाजूस गालिना बालाशोवा या वास्तुविशारद स्त्रीने सोयूझ, साल्युत आणि मीर यांच्या अंतर्भागाची रचना केली. भारहीन अवस्थेतही 'खाली' आणि 'वर' हे भान राहावे म्हणून त्यांनी जमीन व छत यांना निरनिराळे रंग दिले. सोयूझच्या कक्षेत लावण्यासाठी त्यांनी जलरंगातील निसर्गचित्रेही काढली.

तथापि स्कायलॅबचे खरे यश तिच्या अपघातात दिसते. १४ मे १९७३ रोजी उड्डाणाच्या वेळीच तिचे बाह्य आवरण फाटले आणि आतील तापमान ५० अंश सेल्सियसच्या आसपास गेले. पहिल्या तुकडीने तेथे पोहोचताच एका झरोक्यातून छत्रीसारखे आच्छादन बाहेर काढून उघडले आणि स्थानक राहण्याजोगे केले. छत्री पृथ्वीवर तयार झाली होती. ती उघडणारे हात मात्र तेथे असावे लागले. तिसऱ्या तुकडीने ८४ दिवस काढले. कामाचे वेळापत्रक अतिरिक्त लादले जात असल्याची तक्रार तिने केली आणि ३० डिसेंबर १९७३ रोजी नियंत्रण केंद्राशी मोकळी चर्चा झाल्यावर ते सैल करण्यात आले. त्यानंतर काम सुधारले. स्वतःच्या वेळेवर काही अधिकार असणे हाही निवासरचनेचाच भाग आहे, हे या प्रसंगावरून लक्षात येते.

बंद दारांचे प्रयोग

पृथ्वीवर केलेल्या प्रयोगांपैकी तीन येथे विचारात घेतले आहेत. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात 'बायोस्फिअर-२' या काचबंद परिसरात सप्टेंबर १९९१ ते सप्टेंबर १९९३ या काळात आठ माणसे राहिली. सोळा महिन्यांत तेथील प्राणवायू सुमारे २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या आसपास घसरला. सुपीक मातीतील सूक्ष्मजीव प्राणवायू वापरून कार्बन डायऑक्साइड सोडत होते आणि त्याचा काही भाग इमारतीचे काँक्रीट शोषून घेत होते. त्यामुळे वनस्पतींकडून तो प्राणवायू परत मिळत नव्हता. जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. आठ जणांत चार-चारांचे दोन गट पडले. या प्रयोगाची थट्टा पुष्कळ झाली. पण भिंतसुद्धा श्वसनाच्या हिशेबात धरावी लागते, हे ज्ञान त्यातूनच हाती आले.

मॉस्को येथे जून २०१० ते नोव्हेंबर २०११ या काळात सहा पुरुषांनी 'मार्स-५००' प्रयोगात ५२० दिवस काढले. त्यात हालचाल मंदावणे आणि झोपेचे चक्र बिघडणे हे परिणाम आढळून आले. ह्यूस्टन येथील जॉन्सन अंतराळ केंद्रात त्रिमितीय मुद्रणाने बांधलेल्या सुमारे १५८ चौ. मी. च्या निवासात चार जणांनी २५ जून २०२३ ते ६ जुलै २०२४ असे ३७८ दिवस वास्तव्य केले. येथील नकाशा विचारपूर्वक आखलेला आहे. एका टोकास खासगी खोल्या, दुसऱ्या टोकास कामाच्या व लागवडीच्या जागा आणि मध्ये सामायिक जागा अशी चढती श्रेणी त्यात आहे.

या प्रयोगांची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. ह्यूस्टनची भिंत पृथ्वीच्या गुरुत्वात आणि पृथ्वीच्या हवेत उभी राहिली. तिने माणसांची परीक्षा घेतली, स्वतःची दिली नाही. तसेच अशा प्रयोगांत दार बंद असले तरी ते उघडता येते, हे आतील प्रत्येकास ठाऊक असते. त्यामुळे त्यांचे निष्कर्ष किमान अंदाज म्हणूनच स्वीकारणे योग्य ठरेल.

भिंतीचा प्रश्न : बेसाल्ट, लोणार आणि धाबे

प्रारणापासून संरक्षण हवे असेल तर भिंत जाड हवी. धातूची पातळ भिंत काही वेळा वैश्विक कणांच्या आघाताने दुय्यम कण निर्माण करून हानी वाढवते. पाणी व बहुवारिके यांसारखे हायड्रोजनयुक्त पदार्थ अधिक उपयुक्त ठरतात. पण ते पृथ्वीवरून न्यावे लागतात. म्हणून चंद्रावरील निवासासाठी दोन-तीन मीटर जाडीच्या चांद्रमातीचे आच्छादन सुचविले जाते.

येथे बुलडाणा जिल्ह्याचा संबंध येतो. चंद्रावरील काळसर सपाट प्रदेश बेसाल्ट खडकाचे आहेत आणि लोणारचे विवरही दख्खनच्या बेसाल्टमध्येच आघाताने बनलेले आहे. १९७३ मध्ये तेथील खडकांत आघातजन्य काच आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि त्याच्या उत्पत्तीबद्दलचा वाद बहुतांशी मिटला. बेसाल्टवर आघात झाल्यावर त्याचे काय होते, हे पाहण्यासाठी चंद्र व मंगळाच्या अभ्यासकांना लोणार महत्त्वाचे वाटते ते यामुळेच. मात्र लोणार हे अभयारण्य असून २०२० पासून रामसर पाणथळ स्थळांच्या यादीतही आहे. त्याचा अभ्यास नमुना म्हणून व्हावा. प्रयोगाचे मैदान म्हणून त्याचा वापर करणे हे त्या स्थळाचे नुकसान ठरेल.

याच भूमीतील धाब्याची घरेही या संदर्भात आठवतात. मातीच्या रुंद भिंती आणि मातीचेच सपाट छत असलेली ही घरे वऱ्हाड-खानदेशातील कडक उन्हाळ्यात आतून थंड राहतात. जाड माती उष्णता सावकाश वाहते, हे त्यामागील तत्त्व. चंद्रावर ते अधिकच तीव्रतेने दिसते. चांद्रयान-३ च्या उपकरणाने २०२३ मध्ये केलेल्या नोंदीनुसार वरचा थर उन्हाने तापलेला असताना अवघ्या ८ सें.मी. खोलीवर तापमान उणे १० अंशांच्या आसपास होते. धाब्याच्या घराचे दुसरे वैशिष्ट्य अधिक मोलाचे आहे. पावसाळ्यापूर्वी छतावर नवी माती टाकून ते नीट करणे घरातील माणसांनाच जमते.

तथापि हे साम्य ताणणे धोक्याचे आहे. पृथ्वीवरील घर आपल्या भाराने खाली दाबले जाते. निर्वातातील घर आतील हवेने बाहेर ढकलले जाते. पृथ्वीवरील वातावरणाइतका दाब आत ठेवला, तर दर चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा रेटा बाहेरच्या दिशेने येतो. तीन मीटर जाडीच्या चांद्रमातीचा भार तेथील षष्ठांश गुरुत्वामुळे जेमतेम एका टनाएवढाच भरतो. म्हणजे माती प्रारण व उष्णता अडवील, परंतु हवा धरून ठेवणार नाही. त्यासाठी आत मजबूत, हवाबंद अस्तर लागणारच. त्रिमितीय मुद्रणाने उभारलेल्या चांद्रगृहांची जी चित्रे प्रसिद्ध होतात, त्यांत ही गोष्ट अनेकदा झाकली जाते. भिंतीचे श्रेय मातीला दिले जाते आणि काम अस्तराला करावे लागते. जे अस्तर पृथ्वीवरूनच येणार, त्याची दुरुस्ती रहिवाशाला कशी करता येईल, हा त्या चित्रांना विचारावयाचा पहिला प्रश्न होय.

या दृष्टीने बेंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्था व इस्रो यांनी २०२० मध्ये जाहीर केलेले संशोधन लक्षणीय आहे. कृत्रिम चांद्रमाती, युरिया, गवारीचा डिंक आणि एक जिवाणू यांच्या साहाय्याने त्यांनी विटेसारखे ठोकळे तयार केले. युरिया मानवी मूत्रातून मिळू शकतो, हे यातील मर्म. हवाबंदीचा प्रश्न ही वीट सोडवीत नाही. परंतु बाहेरचे कवच रहिवाशाने स्वतः घडवावे आणि डागडुजी करावी, ही शक्यता ती निर्माण करते. चांद्रयान-१ च्या छायाचित्रांवरून २०११ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी न ढासळलेल्या लाव्हानलिकेचा एक संभाव्य ठिकाणा दाखविला होता. तयार छताखाली राहण्याचा हा दुसरा मार्ग होय.

उंबरठा आणि खोली : अजिंठ्याचा नकाशा

बेसाल्टच्या पोटात माणसांनी दीर्घकाळ राहण्याचे उदाहरण मोताळ्याच्या पश्चिमेस, अजिंठ्याच्या डोंगररांगेतच आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासून इ. स. च्या पाचव्या शतकापर्यंत तेथे लेणी कोरली गेली. पावसाळ्यातील वर्षावासासाठी भिक्षू एका जागी राहत. बारा क्रमांकाच्या विहारात मध्ये मोकळे दालन असून त्याभोवती बारा खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत दोन दगडी ओटे आहेत. मध्ये सर्वांची जागा, कडेला प्रत्येकाची खोली आणि दोन्हींमध्ये एक लहान दार, एवढाच हा नकाशा. एकांत व सहवास यांतील अंतर एका पावलाचे ठेवून दोन्ही शाबूत राखण्याची ही युक्ती आहे. ह्यूस्टनच्या निवासात वेगळ्या वाटेने हाच विचार येऊन पोहोचलेला दिसतो. अर्थात भिक्षूला वर्षावास संपताच बाहेर पडता येत असे आणि त्याने ते जीवन स्वीकारलेले होते. विहाराचा नकाशा घेता येईल. विहारातील शिस्त आणि श्रद्धा नकाशाबरोबर येत नाही.

उंबरठ्याचाही विचार आवश्यक आहे. चंद्रावरील धूळ बारीक, टोकदार व चिकटणारी असते. अपोलो-१७ मधील भूशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट यांना ती यानात शिरल्यावर शिंका व नाक चोंदण्याचा त्रास झाला. आपल्याकडील घरांत अंगण, ओसरी आणि माजघर अशा पायऱ्यांनी बाहेरची धूळ बाहेर राहते. पाय धुऊनच आत येण्याची रीत त्यातूनच आली. चांद्रनिवासाच्या आराखड्यात ओसरीला किती जागा दिली आहे, यावरून तो आराखडा राहणाऱ्याने काढला की पाहणाऱ्याने, हे ओळखता येते.

भारतीय संदर्भ

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या कक्षास मान्यता दिली. २०३५ पर्यंत स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय मनुष्य ही उद्दिष्टे जाहीर झालेली आहेत. स्थानक निम्न भूकक्षेतच असेल. त्यामुळे पुढील टप्प्याचे प्रश्न तेथेच अभ्यासावे लागतील. निवासविषयक प्रयोगांना प्रारंभही झाला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लेह येथे इस्रोच्या मानव अंतराळ उड्डाण केंद्राने आका स्पेस स्टुडिओ, लडाख विद्यापीठ व आयआयटी मुंबई यांच्या सहयोगाने एक सदृश मोहीम घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये लडाखमधील त्सो कार खोऱ्यात 'होप' या निवासात दोघांनी दहा दिवस काढले. त्याचा राहण्याचा कक्ष आठ मीटर व उपयोगाचा कक्ष पाच मीटर व्यासाचा होता.

हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. पण दहा दिवस हा मुक्काम झाला. कंटाळा, रुसवे, आवडत्या अन्नाची ओढ आणि मोडलेल्या वस्तूंचा ढीग हे सारे त्यानंतर सुरू होते. मोहिमेचा काळ वाढविणे आणि रहिवाशाला निवासात बदल करण्याची मुभा देऊन त्याने काय बदलले याची नोंद ठेवणे, या दोन गोष्टी झाल्या तर भारतीय प्रयोगांतून नवे काही हाती लागेल. या नोंदीस केवळ अभियंता पुरणार नाही. मानसशास्त्र, गृहविज्ञान, आहारशास्त्र, भूगर्भशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि समाजशास्त्र या विषयांचे अध्यापन जिल्ह्या-जिल्ह्यांतील महाविद्यालयांत होते. धाब्याच्या छताची डागडुजी, ओसरीचा वापर किंवा टंचाईच्या काळातील पाण्याचा घरगुती हिशेब यांच्या पद्धतशीर नोंदी तेथील विभागांना करता येतील. धाब्याची घरे झपाट्याने नाहीशी होत असल्याने हे काम लवकर होणे इष्ट आहे.

समारोप

निम्न भूकक्षेपलीकडील निवासाचे आजवरचे आराखडे हवा, पाणी आणि ऊर्जा यांचा हिशेब उत्तरोत्तर अचूक मांडत आले आहेत. १९७५ च्या अभ्यासाने कवचाचे वजन दाखविले, स्कायलॅबने खिडकीची किंमत आणि दुरुस्त करणाऱ्या हातांचे मोल दाखविले, बायोस्फिअरने भिंतीचाही श्वास मोजावयास शिकविले. यांपैकी प्रत्येक ठिकाणी अडचण रचनाकाराच्या अपेक्षेबाहेरून आली आणि जेथे रहिवाशाच्या हाती काही ठेवलेले होते, तेथेच ती आतून निवारता आली. जेथे ठेवलेले नव्हते, तेथे दार उघडावे लागले किंवा बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. चंद्रावर आणि मंगळावर हा दुसरा मार्ग उपलब्ध नाही. म्हणून दूरच्या निवासाच्या कोणत्याही आराखड्याचे परीक्षण करताना त्यात काय बसविले आहे याबरोबरच त्यातील माणसाला स्वतः काय उघडता, बदलता आणि बंद करता येईल, हे पाहिले पाहिजे. या कसोटीला न उतरणारा आराखडा कितीही निर्दोष असला, तरी तो मुक्कामाचाच आराखडा राहील.